वेडाचा कागद

चार-पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. दिवाळी नुकतीच झाली होती आणि केज-धारूर भागातली निम्मी गावं ऊसतोडीला निघून गेली होती. मी तीस वर्षं कॉलेजात इतिहास शिकवला. निवृत्त झाल्यापासून आठवड्यातले दोन दिवस तालुक्याच्या गावी एका समुपदेशन केंद्रात बसते. तिथं एक मुलगी आली. मुलगी म्हणायचं, पण दोन लेकरांची आई. सोबत थोरला भाऊ होता. नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून ती आठ महिन्यांपासून माहेरी होती आणि कोर्टात केस चालू होती. भाऊ म्हणाला, "मॅडम, आता हिला कुणी बोट लावत नाही. खाऊन-पिऊन सुखी आहे. तरी रातभर जागी राहती. ताटली पडली तरी किंचाळती. दारात मोटारसायकल थांबली की लेकरं घेऊन न्हाणीत जाऊन बसती. आता हिला काय झालं?"

मी म्हटलं, आपण मनोविकारतज्ज्ञांना दाखवू. तोवर मान खाली घालून बसलेली ती एकदम बोलली, "नको मॅडम. येड्याच्या डॉक्टरकडं नका नेऊ. त्यायला कागद घावला तर माझी केस जाईन. लेकरंबी जातील."

मला तिचं म्हणणं हसण्यावारी नेता आलं नाही, कारण असा एक कागद आमच्याच घरात होता.

माझी मोठी मावशी १९५७ साली लग्न होऊन सासरी गेली आणि पाच वर्षांनी परत आली. परत आली म्हणजे आणून घातली. दिवेलागणीच्या वेळी तिची दातखीळ बसायची, हातपाय ताठ व्हायचे, मग तासन् तास भिंतीकडं तोंड करून बसायची. आजीनं आधी घरचे उपाय केले. मग 'बाहेरचं' झालंय असं ठरलं. देवऋषी झाला, लिंबाचा पाला झाला, एका दर्ग्यावर पाच गुरुवार झाले. शेवटी कुणीतरी सांगितलं म्हणून आजोबांनी तिला दूरच्या एका मोठ्या शहरातल्या सरकारी इस्पितळात नेलं. तिथं ती सात महिने होती. डोक्याला विजेचे झटके दिले, एवढंच ती पुढं सांगायची.

आजी गेल्यावर तिच्या पेटीत मला त्या इस्पितळाचा कागद सापडला. त्यावर वजन होतं, नाडी होती, झटक्यांची संख्या होती आणि आजाराच्या रकान्यात एक शब्द होता : हिस्टेरिया. मावशीचं डावं मनगट वाकडं होतं. भाकरी थापताना तिला तो हात नीट टेकवता यायचा नाही, उजव्या हातानंच ती परात फिरवायची. तो हात मुसळानं मोडला होता आणि कुणाच्या हातानं मोडला हे आमच्या घरात लहान पोरांनाही माहीत होतं. कागदावर त्या मनगटाचा उल्लेख नव्हता. सात महिन्यांत कुणी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. आजोबांनीही सांगितलं नाही, कारण घरातली गोष्ट चव्हाट्यावर कशाला आणायची!

पुढं तो कागद पंचांपुढं ठेवला गेला. बाई वेडी आहे असं सरकारनंच लिहून दिलंय म्हटल्यावर पोटगीचा विषय संपला. नवऱ्यानं दुसरी आणली. मावशी शेवटपर्यंत आमच्याकडं राहिली. घरातल्या दुधाचा हिशेब तिच्याकडं असायचा आणि तो एका पैशानं कधी चुकला नाही. तरी ती गावाच्या लेखी येडीच.

ही एका घराची गोष्ट झाली. पण मार खाल्लेल्या बाईचं मन आजारी पडलं तर आपल्या भागात ती जाणार कुठं, या प्रश्नाचा इतिहास शोधू लागले तेव्हा मला त्यात मराठवाड्याच्या नशिबाचीही एक गंमत दिसली. गंमत म्हणायचं, दुसरा शब्द नाही म्हणून. बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्या राज्याचं मनोरुग्णालय आपल्या शेजारी जालन्याला होतं. १९५३ साली ते हैदराबादला, एर्रागड्डा इथं हलवलं गेलं. तीन वर्षांनी, १९५६ मध्ये, भाषावार प्रांतरचनेत मराठवाडा मुंबई राज्यात आला. रुग्णालय तिकडं राहिलं, माणसं इकडं आली. महाराष्ट्राची चार प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथली. चारही इंग्रजी अमदानीतली आणि चारही मराठवाड्याबाहेर. अंबाजोगाईला वैद्यकीय महाविद्यालय आलं ते १९७० च्या दशकात. त्याआधी आपल्याकडच्या बाईला मनाचा डॉक्टर पाहायचा तर जिल्ह्याच्या बाहेर जावं लागे. आणि नेणार कोण, तर बहुतेक वेळा तोच, ज्याच्यामुळं ती आजारी पडली.

म्हणून देवऋषी आणि दर्ग्याला मी फार हसत नाही. तिथं एक गोष्ट होती. बाईला तिथं ओरडता येत होतं. आपल्या मराठवाड्यात भानामतीचे प्रकार सगळ्यांनी ऐकलेले आहेत. अंगावर बिब्ब्याच्या फुल्या उठतात, कपडे आपोआप पेटतात, बाई कुत्र्यासारखी भुंकायला लागते. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते गावोगाव गेले आणि त्यांनी अशा प्रकरणांचा छडा लावला, तेव्हा करणीच्या जागी त्यांना घरातलंच कुणीतरी ताणाखाली दबलेलं माणूस सापडलं. पुष्कळदा ती सून असे, नाहीतर लेक. जिला बोलायची चोरी होती, तिनं भुंकून दाखवलं.

वीडा स्कल्टान्स या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी महाराष्ट्रातल्या एका महानुभाव मंदिराचा अभ्यास करून १९८७ साली तो प्रसिद्ध केला. मानसिक रुग्णांना घेऊन लोक त्या मंदिरात राहायला येत. आजारी पुरुषासोबत त्याची आई किंवा बायको असे. त्याचा आजार आपल्यावर यावा म्हणून त्या बायका अंगात आणून घेत आणि घुमत. आजारी बाईसाठी असं घुमणारं माणूस सहसा नसे. माझी मावशी पाच गुरुवार दर्ग्यात घुमली, तेव्हा आजोबा बाहेर तंबाखू मळत बसले होते. ते वाईट नव्हते. पण घुमणं संपल्यावर तिला परत त्याच घरी धाडायचं की नाही, हा प्रश्न कुठल्याही पिराच्या किंवा देवीच्या अखत्यारीत नव्हता. भूत उतरायचं आणि बाई नांदायला जायची.

डॉक्टरी विद्येनं तरी वेगळं काय केलं? हिस्टेरिया हा शब्दच ग्रीक भाषेतल्या गर्भाशयावरून आलेला. बाईचं काही बिघडलं की मूळ तिच्या पोटात, ही समजूत अडीच हजार वर्षांची. १८९६ साली व्हिएन्नात सिग्मंड फ्रॉइडनं जाहीर व्याख्यानात सांगितलं की, हिस्टेरियाच्या रुग्णांच्या मागं लहानपणी झालेले लैंगिक अत्याचार असतात. काही वर्षांतच त्यानं ते मत मागं घेतलं. पहिल्या महायुद्धात खंदकातल्या धडधाकट शिपायांना तशीच दातखीळ, तसाच कंप सुटायला लागला तेव्हा त्याला 'शेल शॉक' असं भारदस्त नाव मिळालं. व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांनी रेटा लावला आणि १९८० साली अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत आघातानंतरच्या या आजाराला, पीटीएसडीला, जागा मिळाली. त्याच्या आदल्या वर्षी लेनोर वॉकर यांचं मार खाणाऱ्या बायकांवरचं पुस्तक आलं होतं. पुढं १९९२ मध्ये ज्युडिथ हर्मन या मनोविकारतज्ज्ञ बाईंनी दोन्ही धागे एकत्र बांधले. रणांगणातून आलेला शिपाई आणि स्वयंपाकघरातून आलेली बाई यांचं दुखणं एकच, असं त्यांनी मांडलं. बरं होण्याच्या त्यांनी तीन पायऱ्या सांगितल्या. आधी सुरक्षितता, मग घडलेलं आठवून त्याचा शोक करणं, मग पुन्हा माणसांत येणं. पहिली पायरी चुकवून दुसरीवर पाय ठेवला तर बाई आणखी कोसळते.

आता आपल्याकडचं बघा. १९९३ च्या सप्टेंबरची तीस तारीख. पहाटे चारच्या सुमाराला किल्लारी हादरली. लातूर आणि उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात, हजारो माणसं दगड-मातीच्या घरांखाली गेली. अंबाजोगाईला आमच्या घरातली भांडी मांडणीवरून खाली आली होती. त्या आपत्तीनंतर मराठवाड्यानं पहिल्यांदा पाहिलं की, मदतीच्या गाड्यांतून धान्य आणि पत्र्यांबरोबर मनाचे डॉक्टरही येतात. भूकंपग्रस्तांच्या मानसिक आरोग्यावर शास्त्रीय अभ्यास झाले. 'घाशीराम'मधले नाना म्हणून आपण ज्यांना ओळखतो ते डॉ. मोहन आगाशे मनोविकारतज्ज्ञ म्हणून त्या कामात होते. वर्ष उलटलं तरी लोक छताखाली झोपत नाहीत, ट्रक गेला तरी पळत सुटतात, याला कुणी वेड म्हटलं नाही. घर अंगावर पडलंय, माणूस घाबरणारच, हे सगळ्यांना पटत होतं.

त्याच वर्षी माझ्या वर्गातली एक मुलगी लग्न होऊन सहा महिन्यांत परत आली होती. तीही छताखाली झोपत नव्हती. तिला सगळे म्हणत, नाटक करती.

किल्लारीच्या आधी दहा वर्षं कायद्यानं मात्र एक पाऊल टाकलं होतं. पुण्यातल्या मंजुश्री सारडा प्रकरणानं महाराष्ट्र ढवळून निघाला. नारी समता मंचानं 'मी एक मंजुश्री' हे प्रदर्शन काढलं. देशभर हुंडाबळींविरुद्ध आवाज उठला आणि १९८३ साली भारतीय दंडविधानात ४९८-अ हे कलम आलं. त्या कलमाच्या स्पष्टीकरणात बाईच्या आरोग्याला इजा असं म्हणताना 'मानसिक किंवा शारीरिक' असे शब्द आहेत. २०२४ मध्ये दंडविधान जाऊन भारतीय न्याय संहिता आली, तिच्यातही ते राहिले. पण वापरात काय होतं? पोलिसांना जखम दिसली पाहिजे. मनाची जखम दाखवायची तर डॉक्टरचा कागद पाहिजे. आणि तो कागद हातात आला की समोरचा वकील म्हणणार, बघा, बाईचं डोकं ठिकाणावर नाही. हिंदू विवाह कायद्यात मानसिक आजार हे घटस्फोटाचं कारण आहे आणि १९७६ च्या दुरुस्तीनं ते अधिक सैल झालं. १९८८ साली राम नारायण गुप्ता विरुद्ध रामेश्वरी गुप्ता या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं बजावलं की, नुसतं आजाराचं नाव दाखवून घटस्फोट मिळणार नाही, आजार किती तीव्र आहे ते सिद्ध करावं लागेल. ती बातमी आमच्या खेड्यांपर्यंत आली नाही. खेड्यांपर्यंत आली ती फक्त भीती.

याच दशकात अंबाजोगाईत मानवलोक ही संस्था उभी राहिली आणि प्रा. शैला लोहिया यांनी 'मनस्विनी' या नावानं बायकांसाठी काम सुरू केलं. टाकून दिलेल्या बाईला तोवर 'टाकलेली' हाच शब्द होता. परित्यक्ता हा शब्द या चळवळींनी रुळवला. मनाचा उपचार म्हणून त्याकडं तेव्हा कुणी पाहत नव्हतं. पण चार बायका सतरंजीवर बसल्या आणि प्रत्येकीनं आपापलं सांगितलं की, "मला वाटलं माझ्याच नशिबात आहे," असं म्हणणारी बाई दुसऱ्या खेपेला जरा ताठ बसायची, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

दवाखान्यात मात्र फारसा फरक नव्हता. बाई सांगते, डोकं जड झालंय, हातापायाला मुंग्या येतात, छातीत धडधडतं, अंगावरून पांढरं जातं. गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बायकांच्या तक्रारींचा मोठा अभ्यास केला. पांढरं जाण्याची तक्रार आणि मनाची उदासी यांचं घट्ट नातं त्यांना आढळलं, आणि त्या उदासीच्या मागं नवऱ्याकडून होणारा छळ हे एक ठळक कारण दिसलं. आपल्याकडं अशा बाईला ताकदीचं इंजेक्शन मिळतं, सलाईन लागतं आणि रात्रीसाठी झोपेची गोळी. झोपेची गोळी मी वाईट म्हणत नाही. पण डायझेपामच्या जातीच्या या गोळ्यांची सवय लागते आणि आघात ताजा असताना त्या देऊ नयेत, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१३ मध्येच सांगितलं आहे. शिवाय, ज्या घरात रात्री मार पडतो त्या घरात बाईला गाढ झोपवणं हा उपचार कसा होईल, हे मला अजून कळलेलं नाही.

खरा बदल सुरू झाला तो मुंबईत आणि तोही सरकारी म्हणावा अशा दवाखान्यात. सन २००० मध्ये वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि 'सेहत' ही संस्था यांनी मिळून 'दिलासा' हे केंद्र काढलं. देशात दवाखान्याच्या आतच चालणारं असं हे पहिलं केंद्र. कल्पना अगदी साधी होती. मार खाल्लेली बाई पोलीस चौकीची पायरी चढत नाही, पण दवाखान्यात येतेच. भाजून येते, पडून आले म्हणत येते, फिनेल पिऊन येते. तिथल्या नर्सला आणि डॉक्टरला विचारायला शिकवायचं. कसं लागलं, एवढं विचारून थांबायचं नाही. घरी कुणी मारतं का, हे नवऱ्याला बाहेर पाठवून विचारायचं. आणि बाईनं सांगितलं की तिच्यावर विश्वास ठेवायचा. बाई वेडी नाही, तिच्यावर गुन्हा झालाय, इथून सुरुवात करायची. पुढं हे काम मुंबईतल्या इतर रुग्णालयांतही गेलं. जागतिक आरोग्य संघटनेनं आता डॉक्टरांसाठी जी पाच कामं सांगितली आहेत ती हीच : ऐका, काय हवं ते विचारा, खरं माना, सुरक्षितता वाढवा, आधार जोडून द्या.

मावशीच्या मनगटाकडं पाहून एका माणसानं तिला हा एक प्रश्न विचारला असता तर काय झालं असतं, असा विचार माझ्या मनात येतो. इतिहासाच्या माणसानं जर-तर करू नये, हे मी मुलांना तीस वर्षं सांगितलं.

त्यानंतर २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा आला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. या कायद्यातलं कलम २२ फार थोड्यांना ठाऊक आहे. मानसिक छळ आणि भावनिक त्रास यांसाठी भरपाई मागता येते, असं ते सांगतं. कलम २० खाली औषधपाण्याचा खर्च मागता येतो. म्हणजे जो उपचाराचा कागद बाईच्या विरुद्ध वापरला जाईल अशी भीती, तोच कागद तिच्या बाजूचा पुरावा होऊ शकतो. समुपदेशनाबद्दल त्याच कायद्याच्या नियमांत एक वाक्य आहे, ते मला फार मोलाचं वाटतं. समुपदेशनात नवऱ्याला मारहाणीचं समर्थन करू द्यायचं नाही, आणि हे त्याला बैठक सुरू होण्याआधीच सांगायचं. आपल्याकडच्या समेटाच्या बैठका ज्यांनी पाहिल्यात त्यांना यातला फरक कळेल. तिथं पहिला प्रश्न असतो, "असं काय केलं बाई तू, की त्यानं हात उचलला?" दोघांना समोरासमोर बसवून 'दोघांनी थोडं थोडं घ्या' म्हणणं हा उपचार नाही. मार चालू असताना तर तो धोका आहे, कारण बैठकीत ती जे बोलते त्याची वसुली घरी होते.

मग योग्य उपचार म्हणजे नेमकं काय? केंद्रात मला हे रोज विचारतात. मी डॉक्टर नाही. तज्ज्ञांकडून जे शिकले ते सांगते. मार थांबला पाहिजे किंवा बाई मारापासून दूर गेली पाहिजे, हे सगळ्यात आधी. मग आजार नेमका कोणता ते ओळखावं लागतं. कुणाला उदासी असते, कुणाला आघाताचा आजार, पुष्कळजणींना दोन्ही. डोक्याला मार बसला असेल तर तेही तपासावं लागतं. आघाताच्या आजारावर बोलण्याचे खास उपचार आहेत. त्यांत आठवणीला हळूहळू, मापानं सामोरं जायला शिकवतात. डोळ्यांच्या हालचालींचा वापर करणारी ईएमडीआर नावाचीही एक पद्धत आहे. या दोन्हींना चांगला पुरावा आहे. पण त्यांचं शिक्षण घेतलेली माणसं आपल्याकडं शोधावी लागतात, म्हणून 'आघातावर काम केलंय का?' हे विचारायला लाजू नये. सर्ट्रालीनसारखी औषधं काहींना उपयोगी पडतात. त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात आणि बरं वाटल्यावरही ती कित्येक महिने चालू ठेवावी लागतात. एका डॉक्टरनं ऐकून घेतलं नाही तर दुसऱ्याकडं जावं. डॉक्टर फक्त नवऱ्याशीच बोलत असेल तर उठून यावं.

आणि हे महिने म्हटलं की आपल्या जिल्ह्याचं घोडं अडतं. दसरा-दिवाळीला माणसं कारखान्याकडं जातात ती पाडव्याच्या सुमाराला परततात. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम उचल देतो ती नवऱ्याच्या हातात. बाईचं अर्धं अंग त्या कोयत्यात, पण पैशात नाही. ती नवऱ्याला सोडते म्हटली की अर्धा कोयता मोडतो आणि घेतलेली उचल दोन्ही घरांच्या डोक्यावर बसते. अशा बाईला डॉक्टर म्हणतो, दर पंधरा दिवसांनी या. ती कुठून येणार? ती सांगली-कोल्हापूरकडं नाहीतर कर्नाटकात उसाच्या फडात, कोपीत. औषध संपतं, मध्येच तुटतं, बाई म्हणते गुणच येत नाही. आमच्याकडं येणाऱ्या बायकांच्या नोंदी मी काढून पाहिल्या, तर उपचार सोडून देण्याचा महिना बहुतेकींचा एकच निघाला, कारखान्याचा भोंगा वाजण्याचा. पुस्तकातले उपचार हे एका जागी राहणाऱ्या माणसांसाठी लिहिलेले आहेत.

यावर थोडीफार वाट आता निघू लागली आहे. २०२२ च्या ऑक्टोबरपासून 'टेली-मानस' ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत आणि फड कुठलाही असला तरी फोन लागतो. गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत डॉक्टर नसलेल्या, पण शिकवून तयार केलेल्या स्थानिक समुपदेशकांनी उदासीच्या रुग्णांना बरं व्हायला मदत केली, असं २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. म्हणजे प्रत्येक गावाला मनोविकारतज्ज्ञ मिळेपर्यंत थांबायचं कारण नाही. पण फोन नवऱ्याच्या खिशात असतो, हेही खरं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या दर चार विवाहित बायकांपैकी एकीनं नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलं. देशपातळीवर अशा बायकांतल्या शंभरात चौदाजणींनीच कुणाची मदत मागितली होती.

त्या मुलीला मी यातलं सगळं सांगितलं नाही. एकच सांगितलं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात लिहिलंय की, कुणाला मानसिक आजार आहे एवढ्यावरून त्याचं डोकं ठिकाणावर नाही असं धरता येणार नाही. ते ठरवायचं तर कोर्टानं. ती म्हणाली, "असं लिवलंय?" मी कलम काढून दाखवलं. वकीलही बाईमाणूसच होती, विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट मिळालेली. बाईला उत्पन्नाची अट नसते, हेही पुष्कळांना माहीत नसतं. तिनंही हमी दिली. तरी ती मुलगी दोन आठवड्यांनी आली. एकटी आली, भावाला न आणता.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी मला बाहेर बसवलं आणि तिच्याशी पाऊण तास बोलल्या. औषध सुरू झालं. पुढं दर आठवड्याला बोलणं. तीन महिन्यांनी ती सलग चार तास झोपायला लागली. मोटारसायकलच्या आवाजानं अजून दचकते, पण न्हाणीत जात नाही; उठून खिडकीतून बघते, कोण आहे ते. वाईट आठवडेही आले. कोर्टाच्या तारखेच्या आधी तीन दिवस तिला जेवण जायचं नाही. नवऱ्याच्या वकिलानं अपेक्षेप्रमाणं दवाखान्याचा विषय काढलाच. मग आमच्या वकीलबाईंनी केसपेपरच कोर्टापुढं ठेवला आणि कलम २० व २२ खाली अर्ज केला. तो अजून चालू आहे.

त्या केसपेपरची एक प्रत तिच्या हातात आली, तो दिवस मला आठवतो. इंग्रजीत होता. केंद्राच्या ओट्यावर बसून ती म्हणाली, "मॅडम, वाचून दाखवा." मी मराठीत सांगत गेले. झोप नाही, दचकणं, त्याच त्या आठवणी, सहा वर्षं नवऱ्याकडून मारहाण झाल्याचं रुग्ण सांगते. तिचा डावा कान एका थपडेनंतर कमी ऐकू येऊ लागला होता. तिनं मध्येच विचारलं, "कानाचं लिवलंय का?"

लिहिलं होतं. कानाच्या डॉक्टरकडं पाठवल्याची चिठ्ठीही जोडलेली होती. तिनं मला ती ओळ बोटानं दाखवायला लावली. मग तो कागद चार घड्या घालून रेशनकार्डाच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवला आणि पिशवीला रबर लावलं.